कमी गुणांचा डॉक्टर

वैद्यकीय प्रवेशाच्या बोलण्यात ‘लोणी’ आलं की बहुतेकांना राहाता तालुक्यातलं प्रवरेचं लोणी आठवतं. तिथं १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. आता ते अभिमत विद्यापीठाचा भाग आहे आणि तिथल्या एमबीबीएसच्या जागा देशपातळीवरच्या समुपदेशनातून भरल्या जातात. हा लेख दुसऱ्या लोणीबद्दल आहे. हे लोणी आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला, धामणी, पहाडदरा, वडगावपीर यांच्या शेजारी आहे. डिंभे धरणाच्या पाण्यानं तालुक्याचा मधला पट्टा हिरवा झाला, तरी हे गाव अजून म्हाळसाकांत उपसा सिंचन योजनेची वाट पाहतंय. इथल्या एखाद्या मुलीला बारावीत पीसीबीला पंचावन्न टक्के आणि नीटमध्ये सव्वातीनशे गुण मिळाले, तर कागदोपत्री ती एमबीबीएसला पात्र ठरते. बारावीला पीसीबीत ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ४०) पुरतात आणि नीटची पात्रता तर तिनं कधीच ओलांडलेली असते. पण सरकारी कॉलेजचा कटऑफ तिच्यापासून फार लांब असतो. तिनं डॉक्टर व्हायचा हट्ट धरावा का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे आपण तिला ती संधी द्यावी का, यावर दोन भूमिका इथं समोरासमोर ठेवतो. ‘सर’ ही कुणी एक व्यक्ती नाही. कनिष्ठ महाविद्यालयात हयातभर जीवशास्त्र शिकवलेल्या आणि गुणांवर मनापासून विश्वास असलेल्या शिक्षकांचं हे म्हणणं आहे. उत्तरं माझी आहेत.

सर : मुलीबद्दल मलाही माया आहे हो. पण आधी रोग्याचं बोला. आपल्या भागात मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंशाची खूण धड दिसत नाही, सूज नसते, दुखतही फारसं नाही. पहाटे माणूस पोट दुखतंय म्हणून येतो. थोड्या वेळानं त्याच्या पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि मग श्वास मंदावतो. पोटदुखीचं इंजेक्शन देऊन त्याला घरी पाठवणारा डॉक्टर मला माझ्या गावात नको. नारायणगावच्या डॉ. सदानंद राऊतांनी सर्पदंशावर एवढं काम उभं केलं, ते काय अभ्यासाशिवाय झालं? शहरातल्या रोग्याला पहिल्या प्रतीचा डॉक्टर आणि खेड्यातल्याला गुण कमी पडलेला, ही वाटणी तुम्ही आमच्या माथी का मारताय? गरिबाच्या कळवळ्यानं बोलणारी माणसंच गरिबाला हलकं घ्यायला लावतात.

मी : सर, हा आक्षेप सगळ्यात वजनदार आहे, म्हणून याच्यावरच जास्त थांबतो. मण्यारीचा दंश ओळखायला अभ्यास लागतो, हे शंभर टक्के मान्य. पण तो अभ्यास कुठं होतो? तो एमबीबीएसच्या वॉर्डात आणि इंटर्नशिपमध्ये होतो. घोणशीचंच बघा. काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत दोन मिलिलिटर ताजं रक्त घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच ती तिरपी करून बघायची. रक्त पातळच राहिलं असेल तर विष रक्तात भिनलंय, लगेच प्रतिविष सुरू करायचं. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणानं धुतलेली असेल तर चाचणी फसते. यात शिस्त लागते, लक्ष लागतं, आणि सगळ्यात आधी माणूस जागेवर हजर लागतो. नीटच्या १८० प्रश्नांपैकी ९० फिजिक्स-केमिस्ट्रीचे असतात. ज्या मुलीचे गुण तिथं गेले, तिला ही नळी नीट धरता येणार नाही, असं कुठल्या पुराव्यावरून म्हणायचं? डॉ. राऊतांचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं केलंत. त्यांचं शिक्षण मोठं आहेच, पण त्या शिक्षणाचा जुन्नर-आंबेगावच्या माणसाला उपयोग झाला, कारण ते नारायणगावात राहिले.

आता गुणांचं मोजमाप बघू. २००२ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये फर्ग्युसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. वैद्यकीय पदवीच्या शिक्षणात विद्यार्थ्या-विद्यार्थ्यांमध्ये जो फरक पडतो, त्यातला सुमारे २३ टक्के फरक आधीच्या शैक्षणिक गुणांवरून उलगडतो, असं त्यात निघालं. पदवीनंतरच्या कामातल्या कौशल्यात मात्र तो हिस्सा ६ टक्क्यांवर येतो. २३ टक्के म्हणजे थोडकं नाही. फारच कमकुवत पाया असलेला विद्यार्थी पहिल्या वर्षात अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्रीला अडखळतो, तेही सगळं इंग्रजीतून शिकताना, आणि हे मी लपवणार नाही. पण रोग्याशी गाठ पडायची वेळ येते तोवर त्या जुन्या गुणांचा प्रभाव पुष्कळ ओसरलेला असतो, हेही त्याच आकड्यांत आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या कॉलेजनं वीस वर्षं काही विद्यार्थी कमी गुण असूनही विशेष विचारानं घेतले. त्यांची पुढची वाटचाल १९९७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आली. सुरुवातीच्या विषयांत ते मागे पडले होते. पण त्यांच्यातले ९४ टक्के पदवीधर झाले, बाकीच्यांतले ९८ टक्के, आणि पुढच्या व्यावसायिक वाटचालीत दोघांत फारसा फरक उरला नाही. म्हणजे कमी गुणांच्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षात आधार लागतो. तो देणं हे कॉलेजचं काम आहे. त्यासाठी दारच बंद करून घ्यायचं कारण नाही.

सर : अमेरिकेचं अमेरिकेला. तिथं मूल आधी चार वर्षं पदवी करतं, मग अर्ज करतं. तिथंही सरासरी जीपीए ३.७ च्या वर लागतोच की. शिवाय आपल्याकडे नीटला बसणारे बावीस-तेवीस लाख आणि एमबीबीएसच्या जागा लाख-सव्वालाख. एवढ्या गर्दीत दुसरं काय मोजणार? एक परीक्षा, एक यादी. निदान सगळ्यांना एकच फूटपट्टी तरी लागते.

मी : तिथल्या कमी जीपीएवाल्याला एक गोष्ट मिळते, जी आपल्या मुलीला मिळत नाही. पहिल्या वर्षी घसरला आणि पुढे चढत गेला तर तो चढ बघितला जातो. नंतर विज्ञानाचे विषय पुन्हा करून दाखवता येतात, कामाचा अनुभव विचारात घेतात, समोर बसवून बोलतात. आपल्याकडे मे महिन्यातल्या एका रविवारचे तीन तास असतात, आणि यादीत त्याखेरीज काही धरत नाहीत. ती फूटपट्टी तरी स्थिर आहे का? २०२४ साली सुधारित निकालानंतरही सतरा जणांना ७२० पैकी ७२० होते. २०२५ साली देशात पहिल्या आलेल्याला ६८६ पडले आणि सरकारी कॉलेजचे कटऑफ शंभराहून अधिक गुणांनी खाली आले. एका वर्षात मुलांची बुद्धी बदलली नव्हती, पेपर बदलला होता. तुम्ही म्हणाल, गुण सोडा, क्रमांक बघा. बरं, क्रमांक बघू. नीटचा तामिळनाडूत काय परिणाम झाला, हे न्यायमूर्ती ए. के. राजन समितीनं २०२१ साली तपासलं. नीटच्या आधी तिथं प्रवेश मिळवणाऱ्यांत पुन्हा परीक्षा दिलेले साडेबारा टक्क्यांच्या आसपास होते. २०२०-२१ मध्ये ते ७१ टक्क्यांवर गेले. म्हणजे क्रमांक ठरवण्यात बुद्धीइतकाच वाटा दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचा क्लास, लातूरची किंवा कोट्याची खोली आणि दोन वर्षं घरात कमाई न आणता बसून राहायची ऐपत यांचाही झाला. कांद्याचा भाव पडला की ज्या घरात मुलीची टेस्ट सिरीज बंद होते, त्या घरानं ही ऐपत आणायची कुठून?

आणि सर, पैसा असला की गुणांचा आग्रह कुठं जातो तेही बघा. २०२४ साली खुल्या प्रवर्गाची पात्रता १६२ गुणांवर होती. त्याच्यावर असलेला विद्यार्थी अभिमत विद्यापीठाच्या जागेला नियमानं पात्र होता. तिथं फी वर्षाला वीस लाखांच्या पुढे जाते. म्हणजे आपल्या सव्वातीनशेवालीला जागा नाही आणि तिच्याहून कमी गुण असलेल्या दुसऱ्याला आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयानं पदव्युत्तर प्रवेशाची पात्रता शून्य पर्सेंटाइलवर आणली, कारण जागा रिकाम्या राहत होत्या. जागा रिकामी राहू नये म्हणून पात्रता खाली येऊ शकते. मग गाव रिकामं राहू नये म्हणून तिच्याकडे वेगळ्या नजरेनं बघायला आपण का तयार नसतो? खेड्यातल्या रोग्याला हलकं देऊ नका, असं तुम्ही म्हणालात. आज त्याला हलकंसुद्धा मिळत नाही. साध्या गावठाणातून मंचरच्या उपजिल्हा रुग्णालयापर्यंतचा रस्ता मिळतो, आणि तिथून बऱ्याचदा पुण्याचा.

सर : पैशाच्या जागांचं समर्थन मी करत नाही. पण तो अन्याय आहे म्हणून त्यात अजून एका सवलतीची भर घालायची का? आणि गुण बाजूला ठेवले की काय होतं, ते महाराष्ट्रानं बघितलंय. मुलीच्या एम.डी.च्या गुणवाढीच्या प्रकरणात उच्च न्यायालयाचे ताशेरे आले आणि १९८६ साली मुख्यमंत्री निलंगेकरांना पद सोडावं लागलं. त्या काळात कॅपिटेशन फी इतकी बोकाळली की तिच्या विरोधात कायदा करावा लागला. उद्या तुम्ही मुलाखती सुरू कराल, ‘सेवाभाव’ मोजाल. पुढाऱ्याच्या भाच्याला सेवाभावात पैकीच्या पैकी मिळतील आणि तुमची लोणीची मुलगी परत बाहेरच उभी राहील. गुण हे गरिबाचं एकमेव हत्यार आहे, ते काढून घेऊ नका.

मी : या एका मुद्द्यापुढं मी मान तुकवतो. आपल्याकडे मुलाखतीवर प्रवेश सोपवायला मी तयार नाही. सेवाग्रामला १९६९ साली गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात डॉ. सुशीला नायर यांनी महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था काढली. नीट येईपर्यंत तिची स्वतःची प्रवेश परीक्षा होती आणि त्यात गांधीविचारांचा वेगळा पेपर असे. हेतू चांगलाच होता, पण पेपर म्हटला की तो पाठ करता येतोच. मला त्या संस्थेतलं मोलाचं वाटतं ते प्रवेशानंतरचं. नव्या विद्यार्थ्यांचा आश्रमातला निवास, प्रत्येक तुकडीनं एक गाव दत्तक घेणं, आणि पदव्युत्तर प्रवेशाआधी ग्रामीण भागातली सेवा. मनातला सेवाभाव आपण मोजायला जाऊ नये. जे कागदावर तपासता येतं तेवढंच मोजू. पहिली ते दहावी मूल कुठं शिकलं, हे जिल्हा परिषदेच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये असतं, शाळा सोडल्याच्या दाखल्यावर असतं. डॉक्टरांची कायमची चणचण असलेल्या भागांत दहावीपर्यंत शिकलेल्या मुलांसाठी सरकारी कॉलेजात काही जागा वेगळ्या ठेवाव्यात. त्यांच्यातही यादी नीटच्याच क्रमांकानं लागावी, म्हणजे तुमचं गरिबाचं हत्यार त्यांच्या हातात राहतं, फक्त ते कोट्याच्या खोलीत तीन वर्षं काढलेल्याविरुद्ध वापरावं लागत नाही. तामिळनाडूनं २०२० साली सरकारी शाळांतल्या मुलांसाठी ७.५ टक्के जागा ठेवल्या, त्या जवळपास याच पद्धतीनं. तिथं ना मुलाखत, ना शिफारसपत्र.

सर : आपल्याकडे विभागवार जागांचं सत्तर-तीसचं सूत्र होतंच की. २०२० साली सरकारला ते मोडावं लागलं. मराठवाड्याच्या मुलांवर अन्याय होतो म्हणून ओरड झाली होती.

मी : ओरड बरोबर होती. त्या सूत्रात उर्वरित महाराष्ट्र हा एक गट होता. म्हणजे कोथरूडचा मुलगा आणि लोणीची मुलगी एकाच पंगतीला, आणि कॉलेजं ज्या विभागात जास्त त्याच विभागाला फायदा. भागाची व्याख्या महसूल विभागावर न करता आरोग्य केंद्रातल्या रिकाम्या पदांवर केली, तर तो दोष राहत नाही. मग त्यात लोणी येईल, भीमाशंकरच्या पायथ्याची आदिवासी गावं येतील, बीड-गडचिरोलीतलीही येतील. मंचर किंवा नारायणगावची बाजारपेठ येणार नाही आणि येऊही नये.

सर : आणि डॉक्टर झाल्यावर ती मुलगी लोणीला येईल कशावरून? बॉण्ड आहेत ना आत्ताही. सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की एक वर्ष सेवा. कित्येक जण दंड भरून मोकळे झालेत. खेड्यातून गेलेला तर खेड्याकडे मागे वळूनही बघत नाही, हे मी जन्मभर बघतोय.

मी : काही जण वळत नाहीत, खरंय. पण सगळ्यांचा हिशेब मांडला की चित्र वेगळं दिसतं. फिलाडेल्फियाच्या जेफरसन मेडिकल कॉलेजनं १९७४ पासून ग्रामीण भागात वाढलेल्या आणि तिथंच फॅमिली डॉक्टर व्हायची तयारी असलेल्या मुलांना वेगळ्या वाटेनं घ्यायला सुरुवात केली. पेनसिल्व्हेनियातल्या सातही वैद्यकीय कॉलेजांच्या पदवीधरांत ही मुलं अवघी एक टक्का होती. पण त्या कॉलेजांतून निघून राज्याच्या ग्रामीण भागात काम करणाऱ्या फॅमिली डॉक्टरांत त्यांचं प्रमाण २१ टक्के निघालं. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं. जपाननं १९७२ साली जिची विद्यापीठ काढलं. प्रत्येक प्रांतातून मुलं घ्यायची, फीचा भार उचलायचा, आणि बदल्यात साधारण नऊ वर्षं आपल्याच प्रांतात सेवा. तिथं बहुतेक सगळे करार पुरा करतात. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१० साली ग्रामीण भागात डॉक्टर टिकवण्यासाठी ज्या शिफारशी केल्या, त्यात ग्रामीण पार्श्वभूमीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश देणं ही ठळक शिफारस होती. आपला बॉण्ड फसतो कारण निवड एका निकषावर होते आणि अपेक्षा भलतीच धरली जाते. मुंबईत वाढलेल्या, सुपरस्पेशालिटीचं स्वप्न बघणाऱ्या मुलाला एक वर्ष धामणीला पाठवलं तर तो दिवस मोजणार. त्याला तरी कशाला दोष द्यायचा? निवड आणि करार या दोन्ही गोष्टी एकत्र असतील तरच काम होतं. २०१९ साली राज्य मंत्रिमंडळानं दीर्घकाळ ग्रामीण सेवेची तयारी असलेल्यांसाठी काही सरकारी जागा ठेवायचा निर्णय घेतला, तेव्हा करारावर भर होता. उमेदवार कुठून येतो, हा प्रश्न तितका पुढं आला नाही.

आपल्या परिसरालाही याची ओळख आहे. शेजारच्या शिरूर तालुक्यात वढू बुद्रुकला डॉ. बानू कोयाजींनी पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या वतीनं गावातल्याच बायकांना आरोग्याच्या कामासाठी तयार केलं. जामखेडला आरोळे दांपत्यानं १९७० पासून तेच केलं. त्यांच्या आरोग्यसेविकांत शाळेची पायरी न चढलेल्याही होत्या. त्या डॉक्टर नव्हत्या, हे तुम्ही म्हणण्याआधी मीच म्हणतो. पण गावातलं माणूस निवडून त्याला नीट शिकवलं की ते टिकतं आणि उपयोगी पडतं, ही गोष्ट आपल्याच मातीत सिद्ध झाली आहे. ती एमबीबीएसच्या दारापाशी येऊन खोटी का ठरावी?

सर : ठीक. निवड कागदावर करा, यादी नीटनंच लावा, हे मला पचेल. पण शेवटी उत्तीर्ण करताना दया दाखवणार नाही, हे लिहून द्या.

मी : लिहूनच देतो, कारण सगळा कडकपणा तिथंच असायला हवा. पहिलं वर्ष चार प्रयत्नांत आणि पूर्ण एमबीबीएस नऊ वर्षांत झालं पाहिजे, असा नियम आहेच. त्यात या जागांसाठी एक दिवसाचीही सूट नको. २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यक आयोग कायद्यात पदवीच्या शेवटी देशभर एकच परीक्षा सांगितली आहे. ती लांबणीवर पडत आली आहे, ती लवकर सुरू व्हावी आणि तिच्यासमोर लोणीची मुलगी, वीस लाख भरणारा मुलगा आणि परदेशातून शिकून आलेला, असे सगळे एकाच रांगेत बसावेत. २० जानेवारी २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं, न्यायमूर्ती चंद्रचूडांच्या लेखणीतून, स्पर्धा परीक्षेचे गुण म्हणजेच संपूर्ण गुणवत्ता नव्हे आणि ते गुण कुठल्या सामाजिक परिस्थितीतून आले हे बघायला हवं, असं स्पष्ट केलं. दारात पार्श्वभूमी बघायची आणि बाहेर पडताना फक्त कौशल्य बघायचं, असा त्याचा अर्थ मी लावतो.

सर : हे सगळं होईल तेव्हा होईल. मुलगी आत्ता घरात रडत बसलीय आणि बाप सात-बारा घेऊन बँकेत निघालाय. तिला आज काय सांगणार?

मी : आज तिला खरंच सांगायचं. गुण का गेले ते आधी विषयवार मांडून बघावं. फिजिक्स अर्धवट झालं असेल आणि बायोलॉजी पक्की असेल तर एक वर्ष रिपीट करायला हरकत नाही. तिसरं वर्ष मात्र नको. वयाची वरची अट आता नाही, प्रयत्नांनाही मर्यादा नाही, म्हणून क्लासवाले अजून एकदा, अजून एकदा म्हणत राहतील. बापानं जमीन गहाण टाकून संस्थात्मक कोट्यातली जागा घेऊ नये. कर्ज डोक्यावर असलेला डॉक्टर लोणीत दवाखाना टाकू शकत नाही, त्याला शहरातच राहावं लागतं. परदेशाचा विचार असेल तर आधी परदेशी पदवीधरांच्या एफएमजीई परीक्षेचे निकाल बघावेत. कित्येक वेळा पाचांतला जेमतेम एक उत्तीर्ण होतो. बीएएमएस नीटवरच मिळतं आणि त्या पदवीवर किंवा बी.एस्सी. नर्सिंगवर सहा महिन्यांचा अभ्यासक्रम करून उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होता येतं. ते दुय्यम काम नाही. सर्पदंश झालेल्या माणसाला पहिल्यांदा बघणारं माणूस बऱ्याचदा तेच असतं. आणि सीईटी सेलचा फॉर्म भरायचाच असेल तर डोमिसाइल, नॉन क्रिमिलेअर, जात पडताळणी जूनच्या आत हातात घ्यावी. कागद वेळेवर न मिळाल्यानं हातची जागा गेली, तर त्याला कुठलंही धोरण वाचवू शकत नाही. बापानं सात-बारा परत कपाटात ठेवावा.